भिंग विकत घेण्यापूर्वीं

गेल्या दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यांत नववींतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन प्रयोगशाळेंत माझ्याकडे आला. वडिलांचा शिवणकामाचा धंदा आहे. मुलाच्या मामांनीं आपला जुना कॅनन कॅमेरा त्याला दिला होता आणि त्यासोबत १८ ते ५५ मिलिमीटरचें तें नेहमींचें लहान भिंगहि दिलें होतें. शाळेमागच्या ओढ्यावरील पक्षी व कुंपणावरचे किडे टिपण्याचा नाद त्या मुलास जडला होता. परंतु पक्षी चित्रांत हरभऱ्याएवढे येत आणि किडे धुरकट येत. वडील म्हणाले, "सर, दुसरं शिलाई मशीन घ्यावं म्हणून वीस हजार बाजूला टाकले होते. पोरगं म्हणतं, मोठी लेन्स पाहिजे. तुम्ही सांगाल ती घेतो. पण एकदांच घेणार."

हें 'एकदांच' ऐकल्यावर मला चटकन उत्तर देववेना. मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जें कागदावर मांडलें तेंच येथें देत आहें. कारण शाळेंतील आणखी चारपांच जणांच्या घरीं हाच प्रश्न उभा असल्याचें मागाहून कळलें.

प्रथम भिंग काय करतें तें पाहूं. भिंगावर ५०, ३००, ६०० असे जे आंकडे असतात तें त्याचें नाभ्यंतर होय. छायाचित्रकार त्यास फोकल लेंग्थ म्हणतात व तें मिलिमीटरमध्यें सांगतात. दहावीच्या पुस्तकांत भिंगांचा धडा आहे, त्यांतील गणितें पुष्कळांना रुक्ष वाटतात. पण येथें वीस हजार रुपये त्याच गणितावर अवलंबून आहेत. दूरच्या वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्यांत किती मोठी पडेल हा हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे : वस्तूच्या लांबीस नाभ्यंतरानें गुणावें आणि वस्तूच्या अंतरानें भागावें.

आपल्या ओढ्यावरचा खंड्या घ्या. चोचीच्या टोंकापासून शेपटीच्या टोंकापर्यंत तो सुमारें २८ सेंटिमीटर, म्हणजे २८० मिलिमीटर भरतो. तो १० मीटरांवर, म्हणजे १०,००० मिलिमीटरांवर बसला आहे असें धरूं. ५० मिलिमीटरच्या भिंगानें त्याची प्रतिमा १.४ मिलिमीटर पडेल. ३०० मिलिमीटरच्या भिंगानें ती ८.४ मिलिमीटर होईल. जुन्या काळीं जेथें फिल्म असे तेथें आतां सेन्सर असतो. विद्यार्थ्यांच्या हातीं येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत हा फलक रुंदीला २२ ते २४ व उंचीला सुमारें १५ मिलिमीटर असतो. तेव्हां ३०० च्या भिंगानें खंड्या चित्राच्या रुंदीचा तिसरा हिस्सा व्यापील. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर त्या खंड्याच्या वांट्याला लांबींत दोन हजारांहून थोडे अधिक बिंदू येतात, आणि त्यांतून सात इंचांचें स्वच्छ छापील चित्र निघतें. ५० च्या भिंगाचा खंड्या मात्र सव्वा इंचाच्या आंतच संपतो. मुलाचा पक्षी हरभऱ्याएवढा कां येत होता तें आतां समजलें. मामांच्या कॅमेऱ्याचा त्यांत कांहींच दोष नव्हता.

याच त्रैराशिकाची दुसरी बाजू मात्र दुकानांत कोणी सांगत नाहीं. खंड्याची प्रतिमा दुप्पट करावयाची तर ३०० ऐवजीं ६०० चें भिंग घ्यावें, किंवा १० मीटरांऐवजीं ५ मीटरांवर जावें. दोहोंचें फळ सेन्सरवर एकच : १६.८ मिलिमीटर. पहिल्या मार्गास जी रक्कम लागते तींत दुसरें शिलाई यंत्र येऊन वर पुष्कळ उरेल. दुसऱ्या मार्गास एक पैसाहि लागत नाहीं. लागते ती सवड आणि स्वस्थ बसण्याची संवय.

ही कांहीं केवळ कागदावरची युक्ति नव्हे. इंग्लंडांतील रिचर्ड व चेरी किअर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं अंड्यांसह एका पक्ष्याच्या घरट्याचें छायाचित्र घेतलें, आणि १८९५ सालीं ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांनीं सजविलेलें पुस्तक काढलें. आज कोणाच्याहि हातीं येणारें स्वस्त दूरभिंग त्यांना मिळण्याजोगें नव्हतें. म्हणून १९०० च्या सुमारास त्यांनीं बैलाचें कातडें सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटांत दडून पक्ष्यांजवळ जाऊं लागले. आपणांस बैलाचें कातडें मिळविण्याची गरज नाहीं. ओढ्याच्या बाजूस तळमजल्यावरच्या वर्गाची खिडकी आहे. पडदा अर्धा ओढून आंत बसलें तर बाहेरच्या पक्ष्याला माणसाचा आकार दिसत नाहीं. खंड्या ठराविक फांदीवर पुन्हां पुन्हां येऊन बसतो. ती फांदी चार दिवस नुसती पाहून ठेवावी, आणि पांचव्या दिवशीं तो येण्यापूर्वींच तेथें जाऊन बसावें. मोटारगाडीला पक्षी माणसापेक्षां कमी भितात, म्हणून उभ्या गाडींत बसून खिडकीवर धान्याची पिशवी ठेवावी व तिच्यावर भिंग टेकावें; ही पिशवी तिपाईपेक्षां उपयोगी पडते.

घरट्याजवळ मात्र ही जवळीक करूं नये. किअर्टन बंधूंच्या काळीं तें चालून गेलें. आज जाणते छायाचित्रकार तें टाळतात. मादी उठून गेली कीं अंडीं उन्हांत उघडीं पडतात, आणि माणूस कोठें वाकून पाहतो आहे हें कावळा वरून पाहत असतोच.

आतां माझी स्वतःची एक फजिती सांगतों, म्हणजे मी हा हिशेब इतका कां घोळवितों तें लक्षांत येईल. नोकरीच्या तिसऱ्या वर्षीं पैसे सांठवून मीं ५०० मिलिमीटरचें एक आरशाचें भिंग घेतलें. आंत वक्र आरसे असल्यामुळें असलें भिंग आखूड, हलकें व स्वस्त असतें. ५०० हा आंकडा पाहून मीं दुसरें कांहीं पाहिलेंच नाहीं. घरीं आल्यावर कळलें कीं त्याचें छिद्र कायमचें एफ ८, तें लहानमोठें होत नाहीं; रोख हातानें जुळवावा लागतो; आणि मागच्या पानांवर चमकणारा प्रत्येक उजेडाचा ठिपका चित्रांत बांगडीसारखा गोल उमटतो. पक्षी उडे तोंवर मी कडें फिरवीत असें. वर्षभरांत छापावें असें एक चित्र निघालें, तेंहि झोंपलेल्या पिंगळ्याचें. भिंग वाईट नव्हतें. मीं तें चुकीच्या प्रश्नाचें उत्तर म्हणून घेतलें होतें.

नाभ्यंतराच्या शेजारीं भिंगावर दुसराहि एक आंकडा असतो, आणि खरी किंमत त्याची असते. एफ २.८ म्हणजे नाभ्यंतराला २.८ नें भागून येणारें छिद्र. ३०० चें एफ २.८ भिंग असेल तर छिद्र १०७ मिलिमीटर, म्हणजे जेवणाच्या वाटीएवढें. तेंच एफ ५.६ असेल तर ५४ मिलिमीटर. व्यास निम्मा झाला म्हणजे कांचेचें क्षेत्रफळ चवथाई होतें. वाटीएवढी निर्दोष कांच घासणें हें महागडें काम आहे, आणि अशी तीनचार तरी मोठीं भिंगें एका नळींत बसवावीं लागतात. म्हणून एकाच नाभ्यंतराच्या दोन भिंगांच्या किमतींत दहापट फरक पडूं शकतो. मोठ्या छिद्रानें चौपट उजेड आंत येतो, पहांटेच्या अंधुक जंगलांतहि झटपट चित्र घेतां येतें, आणि मागची झाडी विरघळून पक्षी उठून दिसतो. हे लाभ खरे आहेत.

परंतु एफ २.८ वांचून पक्षी टिपतांच येत नाहींत असा जो जुना उपदेश आहे तो फिल्मच्या काळचा आहे. त्या काळीं १०० किंवा ४०० संवेदनशीलतेची फिल्म घालीत; त्यापुढें गेलें कीं चित्र रवाळ होई. आजचा सेन्सर १६०० किंवा ३२०० आयएसओला पुरेसें स्वच्छ चित्र देतो. जो उजेड पूर्वीं कांचेच्या व्यासांतून विकत घ्यावा लागे, त्याचा बराच भाग आतां कॅमेऱ्यानें भरून काढिला आहे. म्हणून एफ ५.६ किंवा ६.३ चें साधें भिंग आज हिणविण्यासारखें राहिलेलें नाहीं. सकाळीं सूर्य वर आल्यावर पुढचे दोन तास त्यावर उत्तम काम होतें.

दोन शब्द हात थरथरण्याविषयीं. लांब भिंग पक्ष्याबरोबर आपल्या हाताचा कंपहि मोठा करून दाखवितें. ३०० च्या भिंगास लहान सेन्सरवर शटर निदान १/५०० सेकंदाचें ठेवावें. उडत्या पक्ष्यास १/१००० किंवा त्याहून जलद. आजकाल भिंगांत कंपरोधक यंत्रणा असते. ती आपला हात सांवरते, पक्ष्याची मान सांवरीत नाहीं, एवढें ध्यानांत असलें म्हणजे झालें. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्यें बसणारा टेलिकन्व्हर्टर नांवाचा जोड कोणी सुचवील. १.४ पटीचा जोड निम्मा उजेड खातो, २ पटीचा तीन चतुर्थांश. साध्या भिंगाचें एफ ५.६ त्यामुळें ८ किंवा ११ होतें, आणि पुष्कळ कॅमेरे तेथें आपोआप रोख जुळविणेंच सोडून देतात. वीस हजारांच्या माणसानें त्या वाटेस जाऊं नये.

मग दूरच्या प्राण्यांसाठीं घ्यावें काय? कॅननचें ५५ ते २५० मिलिमीटरचें एसटीएम जातीचें भिंग २०१३ सालचें आहे. वजन अवघें ३७५ ग्रॅम. निकॉनचें ७० ते ३०० चें एएफ-पी जातीचें भिंग २०१६ सालचें, तेंहि सुमारें ४०० ग्रॅमच. दोन्ही प्लॅस्टिकच्या नळीचीं, दिसायला किरकोळ, पण कांच आश्चर्य वाटण्याइतकी चांगली. जुन्या बाजारांत दोन्ही मिळतात. टॅमरॉन व सिग्मा यांचीं १५० ते ६०० चीं भिंगें नामांकित खरीं, परंतु त्यांचें वजन दोन किलोच्या आसपास आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला तें दहा मिनिटांत कळतें. नव्या बिनआरशाच्या कॅननसाठीं २०२१ सालीं निघालेलें १०० ते ४०० चें आरएफ भिंग ६३५ ग्रॅमचें आहे. ज्याच्याजवळ तसा कॅमेरा आहे त्यानें त्याचा विचार अवश्य करावा. आपल्या विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्यास तें बसत नाहीं.

येथवर पक्ष्यांचें झालें. परंतु त्या मुलाच्या मनांत किडेहि होते, आणि माझ्या मतें थोड्या पैशांचा खरा पराक्रम तेथें आहे. दूरच्या चित्रांत पैसा अंतर विकत घेतो. जवळच्या चित्रांत विकत घेण्यासारखें अंतरच नसतें.

किड्यांच्या चित्रांत नाभ्यंतरापेक्षां पट महत्त्वाचा. सहा मिलिमीटरचा उड्या मारणारा कोळी सेन्सरवर सहा मिलिमीटरचाच पडला तर त्यास एकास एक असें म्हणतात. हा कोळी आणि दहा मीटरांवरचा आपला खंड्या हे चित्रांत जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतील हें पाहा. फरक इतकाच कीं खंड्यासाठीं चार दिवस खिडकींत बसावें लागलें, आणि कोळी मैदानाच्या कुंपणावरील जास्वंदीच्या पानावर रोज सांपडतो. एकास एकपर्यंत जाणारीं खास मॅक्रो भिंगें ९० ते १०५ मिलिमीटरचीं असतात; टॅमरॉनचें ९० चें भिंग तर १९७९ पासून वेगवेगळ्या रूपांत चालत आलें आहे. त्यांची कांच उत्कृष्ट असते. किंमत मात्र आपल्या थैलीला पेलणारी नसते. त्यांवांचून काम कसें भागवावें?

एक उपाय पोकळ कड्यांचा. भिंग व कॅमेरा यांच्यामध्यें एक्स्टेन्शन ट्यूब नांवाची रिकामी कडी बसवावयाची. तिच्यांत कांच मुळींच नसते, त्यामुळें बिघडण्यासारखेंहि कांहीं नसतें. भिंग सेन्सरपासून दूर गेलें म्हणजे तें अधिक जवळची वस्तु पाहूं लागतें. येथेंहि त्रैराशिकच : कडीच्या लांबीस नाभ्यंतरानें भागलें कीं वाढलेला पट मिळतो. ५० च्या भिंगास २५ मिलिमीटरची कडी लावली तर अर्धा पट वाढतो. तीच कडी २५० च्या भिंगास लावली तर वाढ केवळ दहावा हिस्सा! म्हणून कड्या आखूड भिंगासाठीं. घेतांना विजेच्या जोडणीच्या कड्या घ्याव्या, नाहींतर छिद्र लहान करतां येत नाहीं व रोखहि आपोआप जुळत नाहीं.

दुसरा उपाय भिंग उलटें लावण्याचा. पुढची बाजू कॅमेऱ्याकडे, मागची कोळ्याकडे. त्यासाठीं एक साधी उलटी कडी मिळते, चहाफराळाच्या खर्चांत. लहान नाभ्यंतराचें भिंग उलटें लावलें तर एकास एकच्याहि पलीकडे जातां येतें. मात्र किडा भिंगापासून चार बोटांवर येतो, उजेड आंत शिरावयास जागा राहत नाहीं, आणि भिंगाची नाजूक मागची बाजू धुळींत उघडी राहते. ज्याच्या घरीं आजोबांच्या फिल्म कॅमेऱ्याचें छिद्राचें कडें असलेलें जुनें ५० चें भिंग पडलें आहे, त्यानें हा प्रयोग अवश्य करून पाहावा. इतकी गंमत इतक्या थोड्या पैशांत दुसऱ्या कशांत नाहीं. परंतु रोजच्या कामाला हा उपाय जाचक आहे. फुलपांखरूं चार बोटांवर कोणाला येऊं देतें?

तिसरा उपाय मला सर्वांत समंजस वाटतो. लांब भिंगाच्या तोंडावर जवळचें पाहण्याचें दुसरें लहान भिंग चढवावयाचें. म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याचेंच हें तत्त्व आहे, आणि त्याची ताकदहि चष्म्याप्रमाणें डायॉप्टरमध्यें मोजतात. एक हजारास डायॉप्टरनें भागलें कीं त्याचें नाभ्यंतर निघतें. आणि मोठ्या भिंगाच्या नाभ्यंतरास त्यानें भागलें कीं पट निघतो. रेनॉक्स नांवाच्या जपानी कारखान्याचें डीसीआर-१५० हें ४.८ डायॉप्टरचें आहे, म्हणजे नाभ्यंतर सुमारें २०८ मिलिमीटर. तें २५० च्या भिंगावर लावून मोठें भिंग २०८ वर ठेवलें कीं नेमका एकास एक पट होतो, आणि कोळी तोंडापासून जवळजवळ २० सेंटिमीटर दूर राहतो. एकाच कांचेचीं जीं स्वस्त चष्मेवजा भिंगें मिळतात त्यांनीं कडेला रंगीत झालरी उमटतात. रेनॉक्सचें तीन कांचांचें असल्यामुळें तो दोष फारच कमी. तें ५२ पासून ६७ मिलिमीटरपर्यंतच्या तोंडांवर चिमट्यानें बसतें, आणि वर सांगितलेल्या कॅनन व निकॉन या दोन्ही भिंगांचें तोंड ५८ चें आहे.

कागदावर हा शेवटचा आंकडा मांडला त्या रात्रीं मला उत्तर मिळालें. मुलाला दोन भिंगें नकोच होतीं. जें भिंग खंड्यासाठीं, तेंच कोळ्यासाठीं. मध्यें फक्त एक चिमटा.

तरी जवळच्या चित्रांत भिंगाहून अवघड असें एक संकट आहे, तें आधींच सांगून ठेवतों, नाहींतर पहिल्या दिवशींच निराशा व्हावयाची. एकास एक पटाला, छिद्र एफ ८ ठेवलें तरी, जेवढी खोली स्पष्ट येते ती अर्ध्या मिलिमीटराहून किंचित् अधिक. कोळ्याचे डोळे स्पष्ट झाले तर पाय धूसर होणारच. छिद्र एफ २२ पर्यंत लहान केलें तर खोली वाढते खरी, पण प्रकाश त्या बारीक भोंकांतून पसरून सारेंच चित्र मऊ होतें. एफ ८ ते ११ यांच्या दरम्यान थांबावें, किड्याच्या अंगाशीं कॅमेरा समांतर धरावा, आणि रोख डोळ्यांवर ठेवावा. रोख जुळविण्याचें यंत्र बंद करून आपणच श्वास रोखून हळूहळू पुढेंमागें झुकावें. दहा चित्रांत एक बरोबर येतें. एवढ्या लहान छिद्राला दिवसाचा उजेडहि पुरत नाहीं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडून त्यापुढें दुधाची पांढरी पिशवी धुवून वाळवून बांधली, तर कोळ्याच्या डोळ्यांत टोंचणारा पांढरा ठिपका न येतां मऊ चकाकी येते. याहून महाग पडदा मीं अद्याप वापरलेला नाहीं. किड्यास चित्रासाठीं बरणींत घालून गार करणें, फांदीस दोऱ्यानें बांधणें, असले प्रकार कांहीं लोक करतात. तसल्या चित्रांतला किडा ओळखूं येतो. त्याचे पाय मेलेल्यासारखे आंत वळलेले असतात.

जुनें भिंग घेतांना काय पाहावें हें सांगणें आवश्यक आहे, कारण आमच्यापैकीं बहुतेकांस नवें घेणें परवडत नाहीं. कोंकणांत, मुंबईस व घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने हवेंत जो ओलावा असतो त्यानें भिंगाच्या आंत बुरशी धरते. मागची व पुढची झांकणें काढून एका बाजूनें बारीक विजेरीचा झोत टाकावा आणि दुसऱ्या बाजूनें तिरकें पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर भिंग कितीहि स्वस्त मिळो, परत ठेवावें. ही बुरशी हळूहळू कांचेवरचा लेप खाते. थोडी धूळ आंत असतेच, तिला भिऊं नये. पुढच्या कांचेवरील एखादा बारीक ओरखडा चित्रांत दिसत नाहीं, मागच्या कांचेवरचा मात्र दिसतो. मग भिंतीवर वर्तमानपत्राचें पान सपाट चिकटवून समोरून मोठ्या छिद्रानें एक चित्र घ्यावें. चारी कोपऱ्यांतील अक्षरें सारखींच वाचतां आलीं पाहिजेत. एकच कोपरा अंधुक असेल तर भिंग केव्हांतरी पडलेलें आहे. शेवटीं तें आपल्याच कॅमेऱ्यावर चढवून रोख जुळतो कीं नाहीं तें पाहावें. निकॉनच्या बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत रोख फिरविणारी मोटार नसते, त्यामुळें जुनीं एएफ-डी भिंगें त्यांवर आपोआप चालत नाहींत. आणि उलट एएफ-पी भिंगें कांहीं जुन्या कॅमेऱ्यांवर मुळींच रोख घेत नाहींत. कॅमेरा बरोबर न नेतां केवळ नांवावरून घेणाऱ्याची येथें हमखास फसगत होते.

आठव्या दिवशीं वडील पुन्हां आले. मीं त्यांना कागद दाखविला. त्यांनीं आंकडे पाहिले नाहींत, "किती?" एवढेंच विचारलें. पुढच्या रविवारीं आम्ही तिघे पुण्यास गेलों. पहिल्या ठिकाणच्या भिंगांत विजेरीखालीं तंतु दिसले. विजेरी मुलाच्याच हातीं होती, व तें त्यानेंच ओळखलें. दुसऱ्या ठिकाणचें ५५ ते २५० चें भिंग सर्व परीक्षांत उतरलें. त्यावर बसणारें रेनॉक्स नवें घेतलें. घट्ट झांकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा व सिलिका जेलच्या पुड्या घेतल्या. खडे निळ्याचे गुलाबी झाले कीं तव्यावर मंद आंचेनें भाजून पुन्हां डब्यांत टाकावयाचे. एवढें होऊन वीस हजारांतील तीन हजारांहून अधिक रक्कम उरली. ती वडिलांनीं मोजून आंतल्या खिशांत ठेवली.

परततांना गाडींत मुलानें विचारलें, "सर, भिगवणला गेलों तर? रोहित पक्षी खूप लांब असतात म्हणे." प्रश्न रास्त होता. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिंवाळ्यांत रोहित येतात, ते उथळ पाण्यांत उभे असतात, आणि तेथें खिडकी किंवा पडदा कांहीं चालत नाहीं. तेथें कोळी बांधवांच्या होड्या मिळतात. नावाडी पक्ष्यांना न उडवितां कितपत जवळ जावें हें आपल्यापेक्षां चांगलें जाणतो, आणि तो थांबला कीं आपण पुढें जाण्याचा आग्रह धरूं नये. रोहित उभा असतां चार फुटांहूनहि उंच भरतो. तीस मीटरांवरून २५० च्या भिंगानें त्याची प्रतिमा सुमारें दहा मिलिमीटर पडते, म्हणजे आपल्या खंड्यापेक्षां मोठी. जावयाचें तें सकाळीं लौकर. ऊन चढलें कीं पाण्यावरची हवा तापून लहरूं लागते, आणि मग ६०० च्या भिंगालाहि त्या लहरीच मोठ्या होऊन दिसतात. वर्षांतून एखाद्या दिवशीं खरोखरच मोठें भिंग हवें असेल तर पुण्यामुंबईस तीं दिवसाच्या भाड्यानें मिळतात. अनामत रक्कम व ओळखपत्र लागतें, आणि हातीं घेतांना त्याचीहि विजेरीनें तपासणी करून असलेले ओरखडे मालकासमोर लिहून घ्यावे, कारण परत देतांना तेच आपल्या नांवावर चढतात.

माघांत आम्ही सहा जण भिगवणला जाऊन आलों. त्या मुलानें रोहित टिपले, पण या अंकासाठीं त्यानें निवडून दिलेलें चित्र जास्वंदीच्या पानावरील कोळ्याचें आहे. वडिलांना तें दाखविलें तेव्हां त्यांनीं चष्मा लावून बराच वेळ पाहिलें, आणि कोळ्याच्या अंगावरची लव कोणत्या कापडासारखी दिसते तें सांगितलें.